तारू गमावलेलं छापचित्र

मित्रांनो, मी चारशे वर्षांचा कागद आहे आणि माणसांवर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म युरोपात, फ्लँडर्समधल्या अँटवर्प शहरातला. एका कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर बायबलमधली महापुराची गोष्ट कोरली, शाई भरली आणि मला त्यावर दाबून छापलं. डावीकडे नोहाचं तारू, म्हणजे त्याची भली मोठी नौका, उजवीकडे त्यात शिरायला निघालेल्या प्राण्यांच्या जोड्या. बिचाऱ्याने गेंडा कधी पाहिला नव्हता. त्याने गेंड्याला माशासारखे खवले काढले.

जहाजावर इंजिनिअर असलेल्या पद्माकररावांनी मला तिथल्या बंदरात विकत घेतलं आणि सिंगापूरला मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये लावलं. ते रोज सकाळी चष्मा पुसून माझ्यापुढे उभे राहत. तेवढंच माझं सुख.

ते गेल्यावर मुलांत जुंपली. थोरली मीनल वडिलांजवळ राहायची. धाकटा शैलेंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुरोंग ईस्टला. मी दोघांनाही हवा होतो. खरं तर भांडण माझ्यावरून नव्हतंच.

"बाबा सहा महिने अंथरुणावर होते. कितीदा आलास?" मीनलने विचारलं.

"तू एकदा तरी बोलावलंस, ताई?"

त्याने मला चौकटीतून काढून जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि कटर उचलला. मीनलने हात धरायला हवा होता. ती म्हणाली, "काप. हिंमत असेल तर काप."

त्याने कापलं.

तारू त्याच्याकडे गेलं. प्राण्यांची रांग, म्हणजे मी, मीनलकडे राहिलो. दोन वर्षं त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मग जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी मीनलला सांगितलं, मागून पातळ कागद लावून दोन्ही भाग जोडता येतील. तिने बरेच दिवस टाळाटाळ केली, आणि शेवटी फोन लावला.

शैलेंद्रने खरं ते सांगून टाकलं. इथल्या दमट हवेत, बंद कपाटात त्याच्या भागाला बुरशी लागली होती. मागच्याच महिन्यात त्याने तो टाकून दिला होता.

"सांगायचं तरी होतंस," मीनल म्हणाली.

"तू फोन उचलला असतास?"



आता मी पुन्हा भिंतीवर आहे. हत्ती, उंट, खवल्यांचा गेंडा, सगळे कापलेल्या कडेकडे तोंड करून उभे आहेत. मित्रांनो, तुम्ही भांडणारच, त्याला माझी ना नाही. पण समोरच्याच्या हातात कटर असेल तेव्हा त्याला हिंमत विचारू नका.