तोंडाने सांगा

लोसेलीने लाल कोबीचा गड्डा ओट्यावर ठेवला आणि सुरीने त्याचे बारीक काप करायला घेतले. दहावीच्या उद्याच्या तासाला त्याचं जांभळं पाणी लागणार होतं. प्रयोगशाळेमागच्या त्या चिंचोळ्या खोलीच्या दारात हेदर उभी होती. ती शाळेची विज्ञानाची जुनी शिक्षिका. लोसेलीचा शिकवण्याचा सराव तिच्याच हाताखाली चालला होता.

"चहा घेणार?" हेदरने विचारलं.

लोसेलीने भुवया वर केल्या आणि पुन्हा कोबीत लक्ष घातलं.

हेदर एरवी निघून जायची. आज ती गेली नाही.

"हे बघ, मी तुला रोज विचारते आणि रोज तू माझ्याकडे अशी बघतेस, जसं काही मी विषच देऊ केलंय. नको असेल तर नको म्हण ना. मी काही रडत बसणार नाही."

लोसेलीची सुरी थांबली. "मी हो म्हणतेय," ती म्हणाली.

"कधी?"

"आत्ता. रोजच."

मग हळूहळू सगळा उलगडा झाला. लोसेली वाढली ती टोंगातल्या वावाऊ बेटावर. तिथे हो म्हणायला कुणी तोंड उघडत नाही, भुवया उचलल्या की झालं. आपण तसं करतो हेही तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. हेदर विचारते आणि चहा मात्र येत नाही, याचा अर्थ तिने आपल्या परीने लावून टाकला होता, की न्यूझीलंडच्या या दक्षिण टोकाला चहा विचारायची रीत असावी, द्यायची नसावी.

हेदर इतकी हसली की तिला हातातला कप खाली ठेवावा लागला. हसू ओसरल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे अलिस्टर आला होता तेव्हासुद्धा?"

तेव्हासुद्धा. अलिस्टर हा विद्यापीठाकडून पाठ बघायला येणारा निरीक्षक. पहिल्या पाठानंतर त्याने लोसेलीला समोर बसवून सौम्य आवाजात सांगितलं होतं, की मुलं विचारतात आणि तू नुसती चकित होऊन बघतेस. बरोबर की चूक, काहीच सांगत नाहीस. रसायनशास्त्र तुला उत्तम येतं, पण वर्गाशी तुझा संवाद नाही. तो पाठ नापास झाला. दुसरा पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी होता. तोही गेला तर सराव तिथेच संपणार होता, आणि त्याबरोबर शिक्षिकेचा परवानाही.

हेदर म्हणाली, मी त्याला फोन करून समजावते. लोसेलीने नकारार्थी मान हलवली.

"भुवयांमुळे नापास झाले ते झाले. आता भुवयांमुळे पास नाही व्हायचं मला."

"मग तोंड उघड, बाई. गुरुवारपुरतं तरी."

त्या दिवसापासून तिला न विचारता चहा मिळायला लागला.

गाव नदीकाठचं होतं. पाच वाजले की दुकानं बंद होत आणि रस्त्यावर फक्त मेंढ्यांचे ट्रक उरत. लोसेलीने भाड्याने घेतलेल्या खोलीची काच सकाळी आतून गोठलेली असे. पहिल्या रविवारी ती प्रार्थनेला गेली, आणि घरी गायची तशी, छाती भरून गायला लागली. पुढच्या ओळीतल्या बाईंनी वळून पाहिलं. रागाने नव्हे, कुणाला काही होतंय का, या काळजीने. तेव्हापासून ती इतरांसारखी ओठांतल्या ओठांत गाऊ लागली.

आई ऑकलंडला होती. रोज संध्याकाळी तिचा फोन येई.

"काय जेवलीस?"

"बटाटे."

"कालही बटाटेच ना गं? त्यांच्याकडे दुसरं काही उगवत नाही का? बरं, ते पाठाचं काय झालं?"

"झाला," लोसेली म्हणे, आणि भावाच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करू लागे.

खरं सांगायचं तर गावात तिच्याशी बोलणारं जे काही होतं, ते नववीच्या वर्गात होतं.

त्याची सुरुवात टॅम्सिन नावाच्या मुलीने केली. पहिल्या बाकावर बसणारी, मनात आलेलं थेट बोलून टाकणारी. चहाचा घोळ मिटला त्याच दिवशी तिने हात वर केला.

"मिस, आम्ही काहीही बोललो तरी तुम्ही दचकता का?"

लोसेलीने त्यांना खरं काय ते सांगितलं. मग दोन दिवस वर्गात नुसता धुमाकूळ होता. ब्रोडीने उपाहारगृहातल्या बाईंसमोर इतका वेळ भुवया उडवल्या, की त्यांनी त्याला डोळ्यांत काही गेलंय का विचारलं. पण थट्टेचा भर ओसरला आणि सवय तेवढी राहिली. लोसेली "समजलं का?" असं विचारी आणि वर्गभर भुवया वर जात. कुणी एक शब्द बोलत नसे.

पदवीच्या प्रयोगशाळेत रंगांतला बारीक फरक ओळखायला शिकलेली तिची नजर इथे कामी आली. ज्याला नीट समजलंय त्याच्या भुवया प्रश्न संपायच्या आत उडत. अर्धवट समजलेल्याच्या अडखळत वर जात. आणि ज्याला काहीच कळलेलं नाही तो आधी शेजाऱ्याकडे बघे, मग आपल्या उचले. ब्रोडीच्या नेहमी उशिरा उठत. तेवढ्यावरून पुढे कुणाच्या बाकाशी जायचं ते तिला कळे. कधीकधी तर गरज नसतानाही ती तो प्रश्न विचारी आणि उत्तर सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून ओसरेपर्यंत फळ्यापाशी उभी राही.

गुरुवारी अलिस्टर मागच्या भिंतीशी उंच स्टुलावर येऊन बसला. त्याच्यापुढे सगळ्या वर्गाच्या पाठी होत्या. पाठ चांगला चालला. कोबीचं जांभळं पाणी लिंबाने गुलाबी झालं, खाण्याच्या सोड्याने हिरवट निळं झालं. मुलांनी प्रश्न विचारले आणि लोसेलीने प्रत्येकाला तोंडाने, स्वच्छ उत्तर दिलं. मग तिने गुलाबी पाण्यात चिमूटचिमूट सोडा टाकला. फेस आला, तो बसला, आणि खाली पुन्हा जांभळं पाणी उरलं. ते असं का झालं, ते तिने फळ्यावर मांडलं आणि वळून विचारलं,

"समजलं का?"

भुवया वर गेल्या. टॅम्सिनच्या झटकन, खिडकीजवळच्या ओळीच्या जरा दमाने, ब्रोडीच्या सर्वांत शेवटी.

मागे अलिस्टर पेन उचलून थांबला होता. त्याच्या लेखी वर्गात शांतता होती. मास्तरीणबाईंनी विचारलं आणि एकानेही उत्तर दिलं नाही, एवढंच त्याला दिसत होतं. लोसेलीला ब्रोडीच्या बाकाशी जायचं होतं. तिने एक पाऊल टाकलंही. अलिस्टरने पेन कागदाला टेकवलं.

"तोंडाने सांगा," ती म्हणाली.

मुलांना काही कळेना. तिला दिसलं नसावं असं वाटून त्यांनी भुवया आणखी वर नेल्या.

"असं नाही. मोठ्याने."

टॅम्सिनने तिच्याकडे पाहिलं. मग मान वळवून मागच्या स्टुलाकडे पाहिलं. ती पुन्हा पुढे वळली तेव्हा तिच्या भुवया खाली आलेल्या होत्या.

"हो, मिस," ती म्हणाली.

"हो, मिस," वर्ग म्हणाला.

अलिस्टरचं पेन चालू लागलं.

तासानंतर त्याने तिचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. तो म्हणाला, विशेषतः ती जागा, मुलांना समजलं की नाही हे तू ज्या आग्रहाने तपासून घेतलंस, ती आवडली. हेदरने शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसाठी गरम चीज रोल मागवले. संध्याकाळी आईला पास झाल्याचं सांगितलं तर आई फोन तसाच धरून भावाला, शेजारणीला हाका मारत सुटली, आणि लोसेली बराच वेळ तिकडचा कल्ला ऐकत राहिली.

शुक्रवारी नववीचा तास पहिलाच होता. कालचाच धडा पुढे न्यायचा होता. छातीत जळजळ होते तेव्हा सोड्याचं पाणी का पितात, हे तिने समजावलं, फळ्यावर मांडलं आणि विचारलं,

"समजलं का?"

"हो, मिस."

सगळे एकदम, एका सुरात म्हणाले. तिने पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत नजर फिरवली. चेहरे नीटनेटके, स्थिर होते. ब्रोडीही बोलला होता. बरोबर वेळेवर, इतरांच्याच आवाजात.

ती तशीच उभी राहिली. मग तिने स्वतःच्या भुवया किंचित वर केल्या आणि वाट पाहिली.

"हो म्हटलं ना, मिस," टॅम्सिन म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती अगदी अदबीने बोलली.

लोसेलीने "थँक यू" म्हटलं. तिने फळा पुसला, चंचुपात्र धुऊन घेतलं, कोबीचं पाणी नव्याने ओतलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.