कुंभारांचा वाफा

माझ्या सासऱ्यांनी टोमॅटोसाठी वाफा केला तेव्हा तो इतका देखणा झाला होता की त्यात रोप खुपसायचं माझ्या जिवावर आलं होतं.

आमचं घर कुंभारांचं. पुढे दुकान, मध्ये चाक, मागे भट्टी आणि भट्टीशेजारी खाटेएवढी मोकळी जागा. हिवाळ्यात सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, खांदा धरला, डॉक्टरांनी चाकावर बसायला मनाई केली आणि चाक माझ्याकडे आलं. तेव्हापासून बाबा बाकावर बसून माझ्या मडक्यांत खोट काढायचे. गळा जाड, बूड पातळ, कड वाकडी. मीही काही गरीब गाय नाही. एकदा चांगलंच तोंडाला तोंड दिलं, तर ते उलटून भांडलेच नाहीत. स्वतःच्या तळहातांकडे बघत म्हणाले, "खरंय. या हातांचं आता काय काम?" भांडले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून टोमॅटोचं खूळ मी काढलं. बाबांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या आत्या, दरवर्षी टोपलीभर टोमॅटो पाठवतात आणि मग कसे लागले हे विचारायला फोनवर फोन करतात. त्यांच्याकडे रोपं मागितली. रविवारी घेऊन येते म्हणाल्या. बाबांनी मात्र जाहीर केलं की मातीतलं त्यांना कुणी शिकवायचं कारण नाही, वाफा ते एकटे करणार.

आणि केला. जमीन खणायची तेवढी परवानगी माझ्या नवऱ्याला मिळाली. पुढे बाबांनी मांडीवर चाळणी घेऊन सगळी माती चाळली. खडे, काड्या, मुळं निवडून भट्टीमागच्या ढिगावर टाकली. आमच्या मातीतलं नको असलेलं सगळं वर्षानुवर्षं त्याच ढिगावर जातं. मग पाणी घातलं, चपला काढल्या आणि खांदा नाही तर नाही, पायांनी ती माती तुडवली. आतली हवा पार निघाली पाहिजे, नाहीतर मडकं भट्टीत तडकतं, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. शेवटी ओल्या तळव्याने वाफा वरून गुळगुळीत केला. मी बोट फिरवून पाहिलं, एक खडा लागेल तर शपथ. वा बाबा, म्हटलं. टोमॅटोला भट्टीत जायचं नसतं, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

रविवारी आत्या रोपांचा खोका घेऊन आल्या, तोवर वाफा उन्हाने कडक वाळला होता. त्यांनी खुरपं मारलं, ते टणकन उडालं. तांब्याभर पाणी ओतलं, ते वरच्या वर थांबून राहिलं. आत्या पोट धरधरून हसायला लागल्या.

"दादा, वाफा केलायस की फरशी बसवलीयस?"

बाबा हसले नाहीत. रोपं परत ने, एवढंच म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले. हात मांडीखाली दाबलेले.

मला आत्यांचा राग आला, बाबांचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण वाहवा करणारी मीच होते. आज रोपं परत गेली असती तर बाबांनी पुन्हा मातीला हात लावला नसता. आत्यांना जरा दरडावूनच विचारलं की मग हवं तरी काय. त्याही वरमल्या. म्हणाल्या, मुळांना हवा लागते, पाणी मुरायला वाट लागते. बारीक खडे, कुजलेला पाला, काड्या, मूठभर उचलली तर भुरभुरेल अशी माती लागते. ऐकता ऐकता माझी नजर भट्टीमागच्या ढिगावर गेली.

मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. "मातीतून काय काढायचं, ते तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. आता तेच परत घालायचंय. मला नाही जमायचं ते, तुम्हीच मला माती बिघडवायला कधी शिकवलं नाही."

त्यांनी मांडीखालचे हात सोडवले. मग उठले. नवऱ्याने वाफा पुन्हा फोडला आणि बाबा ढिगाशी बसले. खालचा थर काळाभोर, भुसभुशीत झाला होता. आम्ही घमेली भरायची आणि त्यांनी नावं ठेवायची: हे फार जाड, ते फार ओलं, अजून पाला आण. तळाला घालायला खापरं हवीत, असं आत्या म्हणाल्यावर बाबांनी माझी वाकड्या कडेची मडकी मागवली आणि फार समाधानाने फोडली. मी दात-ओठ खाल्ले, पण आतून इतकी खूश होते की काही बोलले नाही.

संध्याकाळी त्यांनी वाफ्यात हात घातला. तो मनगटापर्यंत सहज गेला. बाहेर आला तेव्हा मुठीत मातीबरोबर एक गांडूळ होतं. उभा जन्म बाबांनी असली गांडुळं चिमटीत धरून लांब फेकली होती. हे मात्र त्यांनी अलगद खाली ठेवलं, वरून माती लोटली आणि आत्यांकडे बघून हसले.

"माझ्या मातीत कुणी राहायला आलंय, असं पहिल्यांदाच झालं," ते म्हणाले. मग तोच मातकट हात पुढे केला. "दे ते रोप."