न प्यायलेला माणूस

“दारू किती घेता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“न्हाय घेत,” सिद्राम म्हणाला.

“खोटं बोलत्यात, म्याडम,” शेजारच्या स्टुलावरून त्याची बायको काशम्मा बोललीच. “तोंडाकडं बघा की. आता बी चढल्यागत दिसतंय.”

सिद्रामचं तोंड खरंच कानांपासून गळ्यापर्यंत लाल झालं होतं. दवाखान्याचा जिना चढून आल्यानं छातीत शिट्टी वाजत होती. तो बायकोशी भांडला नाही. भांडून भांडून कधीच थकला होता तो.

काशम्माचं तरी काय चुकलं म्हणावं! तिचा बाप माहेरी, वळसंगात, शिंदी पिऊनच मेला. लाल तोंडाचा बाप दारात दिसला की आई पोरींना मागच्या दारानं शेजारी धाडायची. दुधानं तोंड पोळलेलं, ती ताकही फुंकूनच पिणार. सिद्राम टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होता. त्याचा खोकला आणि धाप कापसाच्या धुरळ्यामुळे, दम्यामुळे, असं सगळेच म्हणत. पण शेंगाचटणी-भाकरी खाऊन उठला तरी तोंड लाल व्हायचं, ते कशामुळे? खोकल्यासाठी तो दाढेखाली लवंग धरी. काशम्माला वाटे, वास दडवायला. त्यानं सिद्धेश्वराची शपथ घेतली, तर म्हणाली, “माजा बाप बी घ्यायचा.”

लेकीच्या, ऋतुजाच्या लग्नात तर कहर झाला. भर उन्हात पाहुण्यांमागे धावून ऐन कन्यादानाला सिद्राम मांडवात आला, तो तांबडालाल. व्याह्यांपुढे शोभा नको म्हणून काशम्मानं आपला भाऊ महेश्वर आणि भावजय यांना पाटावर बसवलं. स्वतःचाही मान सोडला. सिद्राम मांडवाच्या खांबाला टेकून लेकीकडे बघत उभा राहिला. पोरीच्या लग्नातसुद्धा बाप पिऊन आला, हे मग गल्लीत पक्कं झालं.

गेल्या महिन्यात खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा कुठे मोठ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी स्कॅन पुन्हा एकदा उजेडात धरला.

“बाई, ही दारू नाही. यांच्या फुफ्फुसाच्या नळीत गाठ आहे. कार्सिनॉइड म्हणतात, क्वचितच कुणाला होते. फार सावकाश वाढते, म्हणून दमाच समजला गेला. आता यकृतात पसरली आहे. ती रक्तात एक रस सोडते. त्यानं तोंड लाल होतं, जुलाब लागतात. तिखट खाल्लं, धावपळ झाली, की जास्तच.”

काशम्मानं पदर तोंडाशी नेला. “म्हंजे... तीन वर्सांमागं पोरीच्या लग्नात बी?”

“तेव्हाही हेच असणार.”

“मग काढून टाका की ती गाठ!”

“आता सगळी काढता येणार नाही. इंजेक्शनं देऊ, त्रास कमी होईल. बरं होणं मात्र कठीण आहे.”

बाहेरच्या बाकावर काशम्मा ढसाढसा रडली. “तुमी वरडून सांगायचं हुतं की वो!”

“सांगितलं की. लई डाव सांगितलं.” सिद्राम थोडा हसला. “पुडं पुडं मलाच वाटाय लागलं, झोपंत उठून पिऊन येतो का काय.”

हे ऐकून तिचं काळीज फाटलं. बापाच्या पापाची शिक्षा तिनं या गरीब माणसाला दिली होती, तीही वर्षानुवर्षं.

“म्हेश्वरला सांगते. पोरीला बोलावून घेते.”

“कशाला? पोरगी सुखात हाय.” त्यानं दम घेतला. “तिचा हात माज्या हातानं द्यायचा हुता, यवडंच.”

संशयाला औषध नसतं म्हणतात. काशम्माचा संशय आज एका वाक्यात बरा झाला होता, आणि त्याचा आता कुणालाच उपयोग नव्हता.

गल्ली खणून ठेवलेली, म्हणून रिक्षावाल्यानं त्यांना कोपऱ्यावरच उतरवलं. चार पावलं चालताच सिद्रामचं तोंड पेटलं. उंबऱ्यांवर बिड्या वळणाऱ्या बायांनी माना वर केल्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं. सवयीनं सिद्रामचा हात खांद्यावरच्या टॉवेलकडे गेला, तोंड झाकायला.

काशम्मानं तो टॉवेल ओढून स्वतःच्या काखेत घेतला. मग भर गल्लीत, आयुष्यात पहिल्यांदाच, नवऱ्याचा हात हातात धरला.

“ह्यांनी कदी घेतली न्हाय,” ती पहिल्या उंबऱ्यासमोर थांबून मोठ्यानं म्हणाली. “आजार हाय त्यो. मी खोटं बोलले.”

पुढच्या उंबऱ्यासमोरही ती थांबली, आणि तेच म्हणाली.