शेवटची फ्लॉपी

जुना कंपायलर पुसायचं काम गोगटे सरांनी हेमालाच दिलं. तो लिहिला होता तिनेच. पोटच्या पोराला रानात सोडून ये म्हणून आईलाच सांगावं, त्यातला हा प्रकार. पण सरांना असल्या गोष्टी सुचत नसत.

साल १९९३. ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्यांत ही कंपनी. कारखान्यातली यंत्रं चालवायला सरांनी ‘हुकूम’ नावाची सोपी भाषा काढली होती. त्या भाषेतल्या आज्ञा यंत्राला कळतील अशा आकड्यांत उतरवायचं काम कंपायलरचं. तो बाळकुमच्या कोळ्याच्या या मुलीने दुसऱ्याच एका भाषेत लिहिला होता, डोळ्यांत तेल घालून.

आता सरांनी नवा कंपायलर लिहिला, तो मात्र खुद्द हुकूममध्येच. जुन्याने त्याला एकदा उतरवून दिलं की पुढे नवा आपला आपण स्वतःला उतरवणार. सरांनी तसं करून पाहिलं. नव्याने स्वतःला उतरवलं, त्यातून निघालेल्याने पुन्हा स्वतःला उतरवलं, आणि दोन्ही वेळचे आकडे तंतोतंत सारखे आले. सरांनी पेढे वाटले. आता दोघांची सरमिसळ व्हायला नको, म्हणून जुना सगळीकडून पुसून टाकायचा.

हेमाने तो मशीनवरून पुसला. फ्लॉप्या पुसल्या. शेवटची एक हातात राहिली, तेव्हा ती थांबली. नव्या कंपायलरने उतरवलेला प्रोग्राम सर कालच कल्याणला, मोहन्याजवळच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात बसवून आले होते. तिथल्या वाफेच्या टाकीवर तिचा नवरा, आनंदा, कामाला होता. या घडीलाही तो त्या टाकीसमोरच उभा असणार.

ही जुन्याची माया की खरीच भीती, तिचं तिलाच कळेना. टाकीचा प्रोग्राम एकदा दोघांकडूनही उतरवून बघू, असं तिने सरांना म्हटलं. सर हसले. नव्याची परीक्षा झाली, पेढेही झाले, आता कसली शंका, असं त्यांचं म्हणणं. हेमाने ऐकून घेतलं आणि फ्लॉपी मशीनमध्ये घातलीच.

टाकीच्या जागी तिने टेबलावर एक छोटा दिवा जोडला. दिवा पेटला म्हणजे वाफ चालू. मग उष्णता मोजणाऱ्या उपकरणाची वायर मुद्दाम उपटली. जुन्याने उतरवलेल्या प्रोग्रामने दिवा लगेच विझवला. नव्याचा दिवा जळतच राहिला.

हेमाने दोघांनी उतरवलेले आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. वायर तुटली की ते उपकरण ‘वजा एक’ असा आकडा देई, आणि तो दिसला की वाफ बंद करायची, अशी आज्ञा प्रोग्राममध्ये होती. नवा कंपायलर आज्ञेतलं वजाचं चिन्ह गिळून नुसता एक ठेवत होता. म्हणजे वायर तुटली तर टाकी थंड आहे असं समजून यंत्र वाफ सोडतच राहणार. ही चूक आधी दिसली नाही, कारण कंपायलरला स्वतःला उतरवताना वजा आकडा कधी लागतच नव्हता. आपलाच पेपर आपणच तपासल्यावर शंभरपैकी शंभर मिळायचेच.

तिने कारखान्याचा नंबर फिरवला. कल्याणची लाइन लागेना. अखेर लागली, तेव्हा गेटवरच्या माणसाने आनंदाला बोलवायला कुणालातरी पाठवलं. पलीकडून वाफेचा फुसफुसाट ऐकू येत होता. हेमाने देवाचं नाव घ्यायचं ठरवलं, तर एकही देव आठवेना.

“काय गं, आत्ता कशाला फोन?” आनंदाचा आवाज.

वाफेचा मोठा कॉक हाताने बंद करा, उष्णतेच्या उपकरणाची वायर शाबूत आहे का बघा, बाकीचं मग विचारा, असं तिने सांगितलं. तो गेला आणि परत आला. बंद केलाय, वायर शाबूत आहे, म्हणाला. हेमाचा जीव भांड्यात पडला. काय झालं होतं ते सांगता सांगता तिला रडू फुटलं.

तेवढ्यात मागे खरखर ऐकू आली. सर तिच्या खुर्चीवर बसून शेवटची फ्लॉपी पुसत होते.

“सर, हे काय करताय?”

“चूक सापडली ना? तासाभरात दुरुस्त करतो. पण जुना एक सांगतो न् नवा दुसरंच, हे गिऱ्हाइकाला कळलं तर उद्यापासून आपल्याला कुणी दारात उभं करायचं नाही.”

सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेही घाबरले होते, आणि त्यामुळे हेमाला जास्तच भीती वाटली.

“ही सापडली,” ती म्हणाली. “न सापडलेल्या कशा शोधायच्या?”

खरखर थांबली. यापुढे नव्याला चुकलास म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

रिसीव्हर अजून तिच्या हातातच होता. आनंदा हॅलो हॅलो करत होता.

“उद्या कामाला जाऊ नका,” ती म्हणाली.

“अगं, चूक सापडली म्हणालीस ना आत्ता? मग?”

“नका जाऊ म्हटलं ना,” ती म्हणाली.

“बरं, नाही जात. पण असा किती दिवस घरी बसू?”

टाकी उद्या सुरू होणारच होती. आनंदा नसला, तर त्याच्या जागी दुसरं कुणीतरी त्या टाकीसमोर उभं राहणार होतं.