भात्याजवळचं गाणं

चिमाजी तांबटाची भरभराट झाली ती सिंहस्थात. गंगेचं पाणी गावाकडे न्यायला यात्रेकरूंना तांब्याचे गडू लागायचे, आणि चिमाजीचे गडू हातोहात खपले. नाशकातले पेढीवाले त्याला 'चिमाशेट' म्हणू लागले, आणि ते ऐकून स्वारी अशी काही फुगली की विचारू नका. हाताखाली माणसं आली, कारखान्यावर माडी चढली, बायकोच्या हातात पाटल्या आल्या.

त्याआधी रंगूबाई खाली कारखान्यातच असायची. भट्टीचा भाता ओढता ओढता गायची. ओव्या तिच्या स्वतःच्या, रोज नवी. आवाज बारीक, पण खणखणीत. तिच्या चालीवर चिमाजीचा हातोडा पडायचा आणि घागरीच्या अंगावर मठाराच्या ठोक्यांचे ठसे कसे ओळीनं उमटायचे. त्या घागरी न्यायला सिन्नर-निफाडची गिऱ्हाइकं यायची. नवरा-बायकोचं एरवी बोलणं थोडंच. एकमेकांवरची माया काय ती त्या ठोक्यात आणि गाण्यात होती.

माडी झाली तसा चिमाजी म्हणाला, "आता शेटाणीनं भाता ओढायचा? लोक हसतील."

 रंगूबाई वर गेली, भात्यावर पगारी माणूस बसला. वर खिडकीत बसून ती गाईल आणि आपण खाली ठोके देऊ, असा चिमाजीचा हिशेब. पण वरून गाणं काही येईना. आज येईल, उद्या येईल म्हणून तो वाट बघत राहिला आणि मग चिडला. पाटल्या घातल्या तर बाईसाहेबांचा गळाच आटला! विचारायचं सोडून हा शहाणा रुसून बसला. ताटावर बसला की भिंतीकडे बघून जेवायचा. दुसऱ्या कुणापाशी बोलायचीही सोय नव्हती. बायको गात नाही, हे शेटनं चारचौघांत कसं सांगायचं? मठाराची ओळ वाकडी पडू लागली, तेव्हा ते काम त्यानं गड्यांवर सोपवलं. एकदा तो म्हणाला, "हल्ली चिमण्यासुद्धा आळी सोडून गेल्या." गडी एकमेकांकडे बघू लागले.

पुढच्या साली रंगूबाई तापानं पडली. डॉक्टर आले, औषधं आली, पैशाकडे चिमाजीनं पाहिलं नाही. ताप मात्र हटेना. एका दुपारी तो तिच्या उशाशी बसला होता. तिला पार खंगलेली बघून त्याचा सगळा ताठा गळून गेला.

"रंगू," तो म्हणाला, "माझं काय चुकलं असेल ते असो. पण एकदा म्हण गं."

रंगूबाईनं नवलानं त्याच्याकडे पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला. ओठ हलू लागले. चिमाजी पुढे वाकला. काहीच आलं नाही. त्याला वाटलं, ही नुसतं गाण्याचं सोंग करते आहे. एवढ्या दुखण्यातही हिच्या मनातली अढी जात नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "नसेल म्हणायचं तर नको म्हणूस."

ओठ थांबले. रंगूबाईनं भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

दहावं झाल्यावर शेजारची जैतुनबी भेटायला आली. इनायत कल्हईवाल्याची ही बायको, आवाजानं घोगरी आणि मनानं मऊ.

"चिमाभाऊ, अक्काचा गळा शेवटपर्यंत तसाच होता बघा," ती म्हणाली. "त्या दुपारी तुम्ही म्हण म्हणालात ना, मी पेज घेऊन जिन्यातच उभी होती. काय गायली हो! माझा पाय हलेना."

"गायली?"

"रोजच गायची की. सारी आळी ऐकायची. तुम्ही वर मान करून बघायचे नाय. तिला वाटायचं, आता शेटला आपलं गाणं आवडत नाय."

चिमाजीचा हात आपसूक कानाकडे गेला. तांबटाचा कान असाच जातो. घण ऐकू येतो, बोलणं ऐकू येतं, आधी जातो तो बारीक आवाज. बापाचा कान जाताना त्यानं पाहिला होता. पण घरात रोज काहीतरी नवं येत असताना आपलं काही चाललंय, हे त्याच्या मनाला शिवलंच नाही.

"काय म्हणत होती?" त्यानं विचारलं.

जैतुनबीनं शब्द सांगितले:

"पाठमोरा बसे
माझा धनी कामावरी
गाणं माझं माघारी
रोज येतं."

चिमाजी हमसून हमसून रडला. पाटल्या घातल्या त्या हाताला त्यानं वर्षभर हात लावला नव्हता. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले.

"भाभी, चाल कशी होती? त्या चालीवर म्हणा."

जैतुनबीनं पदर सावरला, डोळे मिटले आणि रंगूबाईसारखा बारीक आवाज लावला. चिमाजी तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग हात जोडून, काकुळतीला येऊन म्हणाला, "म्हणा ना, भाभी."

ती म्हणतच होती.