बॉनेटच्या आतलं अक्षर

मित्रांनो, याच जानेवारीत, गेल्या शनिवारी सकाळी आर्वोने माझं बॉनेट उचललं, आत पाहिलं आणि तो तसाच उभा राहिला. पाइक लेकच्या गोठलेल्या पाण्यावर आम्हा जुन्या गाड्यांची शर्यत दोन तासांवर आली होती. थंडी शून्याखाली अठरा. अशा थंडीत इंजिनात कोणता जेट बसवायचा, ते बॉनेटच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं असे. आता तिथे गुळगुळीत पांढरा रंग होता. आर्वोने हात फिरवून पाहिला. मग हातमोजा काढून पुन्हा फिरवला.

ते अक्षर डोरीनचं होतं. डोरीन म्हणजे आर्वोची बायको. तिला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

मी बर्फावर पळणारी शर्यतीची गाडी आहे. लोक मला स्नोमोबिल म्हणतात. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मध्ये इंजिन. १९७३ साली कारखान्यातून बाहेर पडले, तेव्हा माझ्यासारख्या मोजक्याच गाड्या केल्या होत्या आणि त्या फक्त शर्यतीसाठी होत्या. त्या काळी दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात बर्फाची गोल धावपट्टी तयार असे. लोक ट्रकच्या टपावर बसून बघत. पोट त्यावरच भरणारे स्वार होते. आर्वो काँगास त्यांतला एक.

स्वार तो होता, पण इंजिन डोरीनच्या हातात असे. जेट म्हणजे वाटाण्याएवढा पितळी तुकडा, मधोमध भोक. हवा जितकी गार, तितकं इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून भोक मोठं हवं. यात चूक झाली तर भर वेगात पिस्टन वितळून अडकतो आणि स्वार फेकला जातो. डोरीन शर्यतीआधी थर्मामीटर घेऊन धावपट्टीच्या मधोमध जाऊन उभी राही.

"अगं, सगळे रांगेत लागले. तुझं चाललंय काय?" आर्वो ओरडायचा.

"इंजिन जाळायचं असेल तर जा की," ती म्हणायची. "येताना मात्र चालत ये. मी काही ढकलणार नाही."

मग ती जेट बदलायची, आणि शर्यत झाल्यावर प्लग काढून बघायची. प्लगचा रंग कॉफीसारखा तपकिरी असला, म्हणजे जेट बरोबर बसला, की त्या दिवसाची थंडी आणि जेटचा आकडा बॉनेटच्या आत लिहायची. पांढरा असला की नुसतीच आर्वोकडे बघायची.

आम्ही पुष्कळ जिंकलो. वर्तमानपत्रात फोटो येत. फोटोत आर्वो असे, मी असे. एका फोटोत डोरीनची कोपरापर्यंतची बाही आली आहे, तेवढीच. मित्रांनो, ते कौतुक मी सगळं माझंच समजले. खरं सांगायला मला आज लाज वाटते.

पुढे कारखान्यांनी शर्यती सोडल्या. पाण्याने थंड होणारी नवी इंजिनं आली आणि आमच्याकडे कुणी वळून बघेना. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली मी वीस वर्षं काढली. उंदरांनी माझ्या सीटमध्ये पिल्लं घातली. मग गावोगावच्या म्हाताऱ्यांनी फक्त जुन्या गाड्यांच्या शर्यती सुरू केल्या आणि आर्वोने मला बाहेर काढलं. बॉनेटमधले आकडे तसेच होते. डोरीनने त्यांच्याखाली नवे लिहायला घेतले. अक्षर आता थोडं वाकडं यायचं.

ती सप्टेंबरात गेली. नोव्हेंबरात आर्वोला घरात बसवेना, तेव्हा त्याने मला डेल रंगाऱ्याकडे नेलं.

"बाहेरून लाल, आतून पांढरी. कारखान्यातून निघाली तशी कर."

"आत काहीतरी गिचमिड आहे रे," डेल म्हणाला. "घासून टाकू?"

आर्वो माझी स्की सोडवत होता. त्याने मान वर केली नाही. "घास सगळं. प्रदर्शनात परीक्षक आतूनपण बघतात. मागच्या वर्षी तेलाच्या डागासाठी गुण कापले लेकाच्यांनी."

अशी चूक आमच्याच लोकांच्या हातून होते. जुनी गाडी नव्यासारखी करायची, म्हणजे तिच्यावरून माणसाचा हात पुसायचा.

पण एकट्या आर्वोला दोष देऊन मी सुटत नाही. मला तोंड नाही, हे खरं. तरी पॉलिशपेपर त्या आकड्यांवरून फिरत होता तेव्हा मी खूश होते. आता मी पुन्हा तरुण दिसेन, एवढंच माझ्या मनात होतं.

त्या शनिवारी डेल कॉफी घेऊन आला. "काय झालं?"

"आकडे," आर्वो म्हणाला.

"तूच म्हणालास ना..."

"हो. मीच म्हणालो."

भोंग्यावरून आमचा नंबर दोनदा पुकारला. आम्ही गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमधला फोन वाजला. आर्वो-डोरीनची मुलगी मार्सी मिलवॉकीहून बोलत होती. आर्वोला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला असतो आणि तिचं बोलणं माझ्यापर्यंत येतं.

"बाबा, आईचं अक्षर माझ्याकडे कुठेच नाही हो. चिठ्ठी लिहिणारी बाईच नव्हती ती. बॉनेटमध्ये आहे तेवढंच. येत्या रविवारी येते. कागद ठेवून गिरवून घेईन म्हणते."

आर्वोने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "ये. सावकाश चालव, रस्ता निसरडा आहे."

या आठवड्यात तो रोज सकाळी मला चालवून प्लग बघायचा. आठवतील ते आकडे पेन्सिलीने आत लिहायचा. गुरुवारी त्याने सात काढला, डोरीन काढायची तसा, मध्ये आडवी रेघ देऊन. हुबेहूब जमला. तो बराच वेळ बघत राहिला. मग अंगठा ओला करून त्याने तो पुसला.

"राहू दे की," डेल म्हणाला. "पोरीला काय कळणार आहे?"

"मला कळेल ना," आर्वो म्हणाला, आणि बाकीचे आकडेही त्याने पुसले.

मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी वस्तू जरूर स्वच्छ करा. पण घासायला घेण्याआधी ती उघडून आत बघा. तिथे कुणाचं काय लिहिलं आहे ते वाचा, आणि वाचता आलं नाही तर घरातल्या कुणाला तरी विचारा. आम्ही वस्तू नवे होण्याच्या हौशीने गप्प बसतो. आमच्यावर विसंबू नका.

आज शनिवार आहे. उद्या दुपारी मार्सी येईल. आर्वोने सकाळपासून दोनदा फोन उचलून खाली ठेवला. तिला अजून सांगायचं राहिलं आहे.