तीन दिवसांचे मरण

डिंगोऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत जो मठ आहे, तिथे अखेरची व्रते घेणाऱ्याला आधी मरावे लागते. रविवारच्या मिस्सात, चॅपेलमधल्या उपासनेत, ब्रदर अमृत पारखे फरशीवर पालथा पडला, त्याच्या अंगावर काळी चादर पसरली गेली आणि मयताची घंटा वाजू लागली. मठाच्या ईशज्ञान विद्यालयात इतकी वर्षे घालवलेल्या अमृतला त्याचा अर्थ पाठ होता. चादरीखाली जुना माणूस संपतो. मग तीन दिवस तो झग्याची टोपी डोळ्यांवर ओढून मुका राहतो. आणि बुधवारी पहाटे मठाधिपती आपल्या हाताने ती टोपी मागे सारतात. मागच्या बाकावरून आलेला आईचा हुंदका मात्र कुठल्याच पाठात नव्हता.

मौन त्याच्या अंगचेच होते. चारचौघांत बोलताना तो लहानपणापासून कोमेजून जाई. तरीही त्याची व्रते दोनदा पुढे ढकलली गेली होती, कारण वडील अंथरुणाला खिळल्याचे कळताच तो न विचारता राहुरीला घरी निघून गेला होता. नीतिशास्त्र शिकवणारे फादर ग्रेगरी शनिवारी त्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, “हे तीन दिवस नीट निभाव, बाळा. सगळे तुझ्याकडे बघतायत. राहायचंय ना तुला इथे?”

राहायचे होते. या डोंगरावाचून त्याला दुसरे काही नको होते.

सोमवारी तो गोठ्यावरून जात असताना भागू वैरणीचा भारा टाकून घाम पुसत उभी होती. ती डिंगोऱ्याची, मठाच्या गाईंना रोज गवत कापून आणायची.

“काय ब्रदर, कसं काय हाय वरती?” तिने आकाशाकडे बोट केले.

“अगं, बोलू नगंस त्यांच्याशी, मयत हायेत ते,” शेतीचे बघणारा धर्माजी आतून ओरडला.

“मयत? सकाळी भाकरी हाणताना मी ह्या डोळ्यांनी बघितलं की!” भागू खळखळून हसली. “आमच्यात दहावं, तेरावं, वरीसभर रडारड. ह्यांचं तीन दिसांत उरकतंय. लई झ्याक! ब्रदर, उठलात की आमच्या मालकालाबी शिकवा. त्यो जिता असून उठत न्हाई.”

टोपीच्या आत अमृतला हसू आले, आणि ते तिथेच राहिले.

“उद्या खालच्या उसातल्या बांधावरचं गवत काप,” धर्माजी तिला म्हणाला. “बिनघोर जा. बिबट्या गेल्या महिन्यातच पिंजऱ्यात घावला.”

मंगळवारी सकाळी विहिरीशेजारच्या ओल्या मातीत अमृतला ठसे दिसले. रुंद, गोल, नखांची खूण नसलेले. त्यांच्या बाजूला तसेच, पण अगदी लहान. ऊसपट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. मादी होती, पिल्ले घेऊन फिरत होती, आणि ठसे खालच्या उसाकडे गेले होते.

तो बराच वेळ वाकून उभा राहिला.

जिवावर बेतले की नियम बाजूला सरतो, हे त्याला माहीत होते. फादर ग्रेगरींनी तोंडी परीक्षेत नेमके हेच विचारले होते आणि त्याचे उत्तर ऐकून मान डोलावली होती. पण याच विद्यालयाने त्याला भेद करायलाही शिकवले होते. समोर उभा असलेला धोका वेगळा, संभवणारा धोका वेगळा. ठसा म्हणजे जनावर नव्हे. मादी रात्रीतच नदीकडे उतरली असेल. चिठ्ठी लिहावी? पण मुक्याची चिठ्ठी हेही बोलणेच, असे त्याने स्वतःच्या प्रबंधात मांडले होते. आणि उरला होता एकच दिवस. एकेक दुवा जुळत गेला, साखळी कुठेही तुटली नाही, आणि प्रार्थनेची घंटा होताच तो चॅपेलकडे निघाला. त्याला समाधान वाटत होते. पुढे आठवताना त्याला सर्वांत जास्त भीती वाटली ती या समाधानाची.

दुपारी तो कुंपणाच्या भिंतीवरून खाली पाहत होता. मठाच्या शेतात तोडणीचा राहिलेला तेवढाच ऊस उभा होता. वारा नव्हता. तरी उसाचे शेंडे एका ओळीत हलले, आणि थांबले.

विळा आणि दोर घेऊन भागू बांधावरून येत होती.

अमृतने उजवा हात वर केला, तळवा पुढे धरून. थांब.

भागू थांबली. तिने वर पाहिले. तिचा चेहरा इतका गंभीर झालेला त्याने कधी पाहिला नव्हता. तिने विळा खाली ठेवला, डोक्यावर पदर घेतला, हात जोडून लवून नमस्कार केला. आशीर्वाद घेऊन झाल्यावर विळा उचलला आणि ती उसात शिरली.

त्याला आवाज फुटला असता. पण तो अजून मनाशी पारखत होता, की संभवणारा धोका आता समोर उभा राहिला का. आतून विळ्याचा आवाज येत होता, खस्, खस्. मग तो थांबला.

“भागू! माघारी फिर! बिबट्या!” अमृत ओरडला.

सारा ऊस एकाच जागी घुसळल्यासारखा झाला. धर्माजी आणि गोठ्यावरची माणसे काठ्या घेऊन, पत्र्याचे डबे बडवीत धावली. भागूला त्यांनी घोंगडीत घालून बाहेर आणले तेव्हा तिचा खांदा कुठला आणि मान कुठली ते कळत नव्हते. मठाची जीप तिला घेऊन नारायणगावकडे सुटली.

सायंप्रार्थनेनंतर एकेका ब्रदरने जाताजाता त्याच्या पाठीवर हात ठेवला. “तू ओरडला नसतास तर ती गेली असती,” फादर ग्रेगरी हलकेच म्हणाले. “मौन मोडलं म्हणून झुरू नकोस. नियम माणसासाठी असतो.” अमृतने टोपी आणखी पुढे ओढली. आजवर तो मौनात राहत आला होता. आज प्रथमच तो त्यात लपला.

बुधवारी पहाटे मठाधिपतींनी ती टोपी मागे सारली. मेणबत्त्यांचा उजेड डोळ्यांत घुसला. मिस्सा संपवून सगळे बाहेर आले तेव्हा पायरीपाशी मोटरसायकल लावून भागूचा नवरा सावळेराम उभा होता.

“ब्रदर, वाचली,” तो म्हणाला. “टाकं लई पडल्यात, पन शुद्धीत हाय. तुमाला बलावलंय तिनं. म्हनती, आत जाताना ब्रदरांनी हात वर करून आशीर्वाद दिला, म्हनून जनावरानं सोडलं.”

अमृतचा हात टोपी पुढे ओढायला वर गेला आणि तसाच खाली आला.

“एक इचारू का? राग मानू नका. मानसं म्हनत्यात, आदी कुनालाच कसं दिसलं न्हाई. धर्माजी म्हनतो, त्याला न्हाई दिसलं. तुमाला कवा कळलं?”

फादर ग्रेगरी शेजारीच थांबले होते. मरणातून उठलेल्या ब्रदरचा पहिला शब्द ऐकायला बाकीचेही थांबले होते, हसऱ्या चेहऱ्याने.

“तेव्हाच,” अमृत म्हणाला. “ओरडलो तेव्हाच.”

आवाज स्वच्छ निघाला, कुठेही न अडखळता. सावळेरामने वाकून त्याच्या पायांना हात लावला. पाय मागे घ्यावेत इतकीही हालचाल त्याला जमली नाही.

“बसा मागं,” सावळेराम गाडीला किक मारत म्हणाला. “तिच्या डोक्यावर हात ठिवा, म्हंजी झोपंल तरी.”

गाडी उतार उतरून उसाच्या वाटेला लागली. मादी अजून सापडली नव्हती. दोन्ही बाजूंचा ऊस वाटेवर कलला होता, पाती खांद्यांना घासत होती, आणि जनावर बुजावे म्हणून सावळेराम सारखा हॉर्न वाजवत होता. एका वळणावर त्याने तो बंद केला.

“तुमी मागं बसलात न्हवं,” तो अर्धवट वळून म्हणाला, “आता मला भ्याव न्हाई.”